पानाची मागची बाजू

नगर कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या लांबट खोलीत तीस वर्षं बसलेल्या रेकॉर्डबाईंना सगळं कार्यालय ‘मागेपाहा बाई’ म्हणायचं. तोंडावर नाही, अर्थातच. तोंडावर नुसतं ‘बाई’. कारण असं, की जन्माच्या नोंदीत काही चुकलं म्हणून कुणी लालबुंद होऊन खिडकीशी आलं, की बाई चष्म्यावरून त्याच्याकडे शांतपणे बघत आणि म्हणत, “मागे पाहा.” नवखा माणूस मान वळवून स्वतःच्या मागे बघे. तोवर बाईंनी रजिस्टरचं पान उलटलेलं असे, आणि मागच्या बाजूला त्याच्या चुकीची दुरुस्ती सही-शिक्क्यासकट त्याची वाट बघत बसलेली असे.

ही पद्धत बाईंची नव्हती. फार पूर्वी कुणीतरी नियम केला होता की जन्माच्या रजिस्टरात खाडाखोड करायची नाही. चूक करायची नाही असा नियम मात्र त्याने केला नाही, कारण त्याला कारकून माहीत असणार. मग नोंदी पानाच्या पुढच्या बाजूला आणि दुरुस्त्या त्याच पानाच्या पाठीवर, ओळीचा क्रमांक घालून, असा मधला मार्ग निघाला. दुरुस्ती झालेल्या ओळीपाशी समोर समासात एक लाल टिंब द्यायचं. बस्स. बाई सुरुवातीची काही वर्षं ज्यांच्या हाताखाली होत्या ते आधीचे रेकॉर्डकीपर तात्या म्हणायचे, “समोर आहेत त्या चुका. अक्कल सगळी मागे.” साठ वर्षांच्या नव्वद हजार चुका आणि तेवढीच अक्कल त्या खोलीत रॅकवर रचलेली होती, आणि कुठली कुठे आहे हे बाईंना तोंडपाठ होतं.

अशात कार्यालयाला डिजिटल होण्याची हुक्की आली. शेजारचं कार्यालय झालं होतं, मग आपण काय घोडं मारलं होतं?

बैठक झाली. बैठकीला सल्लागार होते, सल्लागाराला सल्ला देणारे दोघं होते, बिस्किटं होती. बाई नव्हत्या. ज्याला रेकॉर्डमधलं कळतं त्याला रेकॉर्डच्या बैठकीला बोलावलं की बैठक उगाच लांबते, हे साहेबांना अनुभवाने ठाऊक होतं. तपशिलासाठी हेडक्लार्क होते. त्यांना ‘होयसाहेब’ म्हणत, कारण सव्वीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांसमोर त्यांचं एकही वाक्य ‘नाही’ने सुरू झालेलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, “मागच्या बाजू कोऱ्याच असतात ना?” होयसाहेब म्हणाले, “हो साहेब.” झालं. मागच्या बाजू ठरावात कोऱ्या झाल्या.

स्कॅनिंगचे मशीनवाले आले. बाई त्यांच्या मागे मागे फिरल्या. “अहो, पान उलटा. उलटून घ्या.” मशीनवाला मान वर न करता म्हणाला, “करारात नाही, बाई.” बाईंनी लाल टिंबं दाखवली. तो खूश झाला. म्हणाला, “त्याची काळजी सोडा. आमची सिस्टीम सगळे डाग आपोआप काढते.” आणि खरंच काढले. नव्वद हजार टिंबं, धूळ समजून, एकूण एक पुसली गेली. अहवालात ‘प्रतिमा-स्वच्छता’ या सदराखाली त्याचा वेगळा उल्लेख झाला.

मग ओघानेच पुढचं. सगळं संगणकात आलं म्हटल्यावर कागद कशाला? रजिस्टरांचे गठ्ठे सुतळीने बांधले गेले. एका सोमवारी ट्रक येणार आणि ते कागदाच्या गिरणीत लगदा व्हायला जाणार, असं ठरलं. जिन्याखालच्या खोलीत ‘नागरिक सुसंवाद कक्ष’ होणार होता. त्यासाठी निळा सोफा आणि प्लॅस्टिकचं झाड येऊनही पडलं होतं. झाडाला पाणी घालायची सूचना भिंतीवर लावली होती. जुने, हाताने लिहिलेले दाखले एका परिपत्रकाने रद्द झाले. यापुढे कोपऱ्यात ठिपक्यांचा चौकोन असलेला दाखलाच खरा. बाईंच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. तेवढे दिवस त्यांनी सोफ्यावर बसून नागरिकांशी सुसंवाद करावा, असा आदेश निघाला.

सोमवार बारा दिवसांवर असताना बाईंची लेक कार्यालयात आली. चोवीस वर्षांची, नर्सिंग झालेली, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात नुकतीच निवड झालेली. ट्रकच्या सोमवारनंतरच्या बुधवारी तिला सगळी कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं होतं. उशीर झाला तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. तिने नवा दाखला काढला होता आणि तो धरून ती सोफ्यापाशी उभी राहिली. चेहरा उतरलेला.

“आई, हे बघ गं.”

दाखला छान गुळगुळीत होता. कोपऱ्यात चौकोनही होता. ‘आईचे नाव’ यापुढे छापलं होतं, ‘माहीत नाही’.

बाईंनी सवयीने कागद उलटला. मागे काही नव्हतं.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. ही लेक बाईंनी आठ महिन्यांची असताना अनाथालयातून आणली होती. नवरा याच कार्यालयात पाण्याचा टँकर चालवायचा. दोघांनी मिळून आणली. रजिस्टरमध्ये ओळ सातवर, समोर, आई-बापांच्या रकान्यात जे होतं ते होतं. तात्यांचं ते निवृत्तीचं वर्ष. त्यांनी न्यायालयाचा कागद वाचला, टाक पुसला, पान उलटलं आणि आपल्या वळणदार अक्षरात दत्तकाची नोंद केली, दोघांची नावं घातली, आणि समोर सातव्या ओळीपाशी लाल टिंब दिलं. लेक सहा वर्षांची असताना नवरा गेला. दहा वर्षांची झाली तेव्हा तिला कुणीतरी शाळेत काहीबाही सांगितलं. ती रडत घरी आली. बाईंनी तिचं तोंड धुतलं, तिला कार्यालयात नेलं, रजिस्टर काढलं आणि दोन्ही बाजू दाखवल्या. म्हणाल्या, “समोर लिहिलंय ते घडलं तसं. मागे लिहिलंय ते आम्ही ठरवून केलं. तुला कुठलं खरं धरायचं ते तू धर.” पोरीने पान उलटून मागची बाजू वर केली आणि रजिस्टर तसंच मिटलं. बाईंना आजवर मिळालेलं ते एकमेव प्रशस्तिपत्रक.

आणि आता सिस्टीम म्हणत होती, माहीत नाही.

“अगं, होईल दुरुस्त,” बाई म्हणाल्या. “माझंच तर ऑफिस आहे.”

हे वाक्य त्यांनी तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं आणि मनात हसल्या होत्या. आता त्याची फळं मिळाली. खिडकीवर सांगितलं, ऑनलाइन करा. ऑनलाइन केलं, तर आकडा आला की आपण रांगेत तीनशे बारावे आहात. ऑनलाइन रांग पाहून बाईंना जरा बरंच वाटलं. निदान काहीतरी ओळखीचं. चौथ्या दिवशी उत्तर आलं: ‘आपली तक्रार मूळ अभिलेखाशी पडताळली असता नोंद बरोबर आढळली. तक्रार निकाली. आपला अनुभव कसा होता?’ खाली पाच चांदण्या होत्या. मूळ अभिलेख म्हणजे स्कॅन. चोराने चोरालाच विचारलं होतं, बाबा, तू चोर आहेस का?

बाई होयसाहेबांकडे गेल्या. “भाऊसाहेब, रजिस्टर इथे खाली आहे. तुम्ही डोळ्यांनी बघा.”

“बाई, रजिस्टर आता अस्तित्वात नाही.”

“अहो, गठ्ठा पडलाय तिथे. तुम्ही सकाळी अडखळलात त्याला.”

“ते फक्त आहे,” होयसाहेब म्हणाले. “अस्तित्वात नाही.”

साहेबांनी उभ्या उभ्या ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, डेटा लॉक झालाय. शनिवारी त्याचा सत्कार आहे. सत्कार व्हायच्या आधी डेटा बदलला तर सत्कार कशाचा?” पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं, यालाही मर्यादा असते. बाई जिना उतरून खाली आल्या.

शुक्रवारी दुपारी खोलीत त्या एकट्याच होत्या. त्यांनी गठ्ठा सोडला, ते रजिस्टर काढलं आणि आपली पिशवी उघडली. पिशवी मोठी होती. रजिस्टर मावलंही. तीस वर्षांत त्यांनी कार्यालयातली एक टाचणी घरी नेली नव्हती. नवरा त्यावरून चिडवायचा, “अगं, तुझ्या हातून साधी चोरीसुद्धा व्हायची नाही.” त्यांना रडू आलं. राग आला म्हणून रडू आलं. आपल्या लेकीची आई असल्याचा पुरावा आपणच चोरून न्यायचा? आणि बाकीच्या नव्वद हजारांचं काय? त्यांनी रजिस्टर बाहेर काढलं, गठ्ठा पुन्हा बांधला, आणि गाठ जरा जास्तच घट्ट मारली.

शनिवारच्या कार्यक्रमात नवा पहिला दाखला मोठ्या पडद्यावर सर्वांसमोर काढायचा होता. कुणाचा, हे होयसाहेबांनी ठरवलं. अध्यक्षांचा. दुसऱ्या कुणाचा असणार? अध्यक्ष याच गावात जन्मलेले, निवडून आलेले, भरघोस मिशांचे. बाईंनी हे ऐकलं. त्यांना ते पान आठवत होतं. त्या दिवशी ओळीने पाच मुली जन्मल्या होत्या आणि सहावे अध्यक्ष. तेव्हाच्या कारकुनाला लिहायचा कंटाळा. त्याने ‘मुलगी’ एकदाच लिहून खाली सरळ ‘वरीलप्रमाणे’च्या दोन दोन रेघा ओढल्या होत्या, पार सहाव्या ओळीपर्यंत. दुरुस्ती, अर्थात, मागे.

बाई सूड घेणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या होयसाहेबांकडे गेल्या. “भाऊसाहेब, अध्यक्षांच्या नोंदीला लाल टिंब आहे. दुसऱ्या कुणाचा काढा.”

“टिंबांचा विषय संपलाय, बाई.”

“एकदा आधी काढून तरी बघा.”

“आधी काढला तर पहिला कसा होईल?” होयसाहेब म्हणाले.

सभागृह भरलं. साहेबांनी साठ वर्षांच्या अंधारातून आपण उजेडात कसे आलो ते सांगितलं. सल्लागाराने टाळ्यांसाठी थांबून थांबून भाषण केलं. अध्यक्षांनी कळ दाबली. पडद्यावर दाखला आला, चौकोनासकट, दारापर्यंत वाचता येईल एवढ्या अक्षरांत. नाव बरोबर. तारीख बरोबर. त्याखाली: मुलगी.

कुणी हसलं नाही. अध्यक्षांसमोर कोण हसणार? फक्त मागच्या रांगेत एकाला खोकल्याची जबरदस्त उबळ आली आणि ती सांसर्गिक निघाली. अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला, बहुधा आहे ना ते बघायला. वार्ताहर फोटो काढत होते.

चार मिनिटांनी साहेब जिन्याखाली. मागे होयसाहेब, धापा टाकत. कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका साहेबांच्या हातात घामाने वाकली होती.

“बाई, ते रजिस्टर! लवकर!”

“कुठलं, साहेब?” बाई म्हणाल्या. “अस्तित्वात नाहीये ना ते?”

“बाई, प्लीज.”

बाईंनी तिसऱ्या गठ्ठ्यातून दोन मिनिटांत रजिस्टर काढलं. पान उलटलं. ओळ सहा: ‘मुलगी ऐवजी मुलगा असे वाचावे’, सही, शिक्का. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि हात पुढे केला. बाईंनी रजिस्टर छातीशी धरलं.

“रजिस्टर खोलीबाहेर न्यायला लेखी आदेश लागतो.”

“मी तोंडी देतोय!”

“तोंडी हवेत जातो, साहेब. तुम्हीच परवा भाषणात म्हणालात, प्रत्येक गोष्टीची नोंद हवी.”

“द्या कागद!”

“कागद बंद झालेत ना कार्यालयात.”

वरून अध्यक्षांचा आवाज आला. साहेबांनी निमंत्रणपत्रिका उलटली, पेन काढलं. “काय लिहू?”

“लिहा,” बाई म्हणाल्या आणि सावकाश सांगू लागल्या, “सर्व रजिस्टरांच्या मागच्या बाजूंचे स्कॅनिंग पूर्ण होईपर्यंत एकही रजिस्टर नष्ट करू नये.”

साहेबांनी ‘सर्व’पाशी मान वर केली. बाईंची मान खाली गेली नाही. साहेबांनी लिहिलं, सही केली, तारीख घातली. बाईंनी पत्रिका नोंदवायला होयसाहेबांच्या हाती सोपवली आणि मग रजिस्टर दिलं. अर्ध्या तासात अध्यक्ष ‘विशेष बाब म्हणून’ मुलगा झाले. सत्कार झालेला डेटा त्यांच्यापुरता अनलॉक झाला होता.

रविवारी बाई घरी निश्चिंत होत्या. लेकीला म्हणाल्या, “आदेश आहे. होतंय.” सोमवारी सकाळी कार्यालयात आल्या तर दारात ट्रक उभा आणि हमाल गठ्ठे उचलताहेत.

“भाऊसाहेब, आदेश आहे ना थांबवायचा!”

“कुठला आदेश?” होयसाहेबांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. “नोंदवलाय मी शनिवारीच, तुम्ही दिल्याबरोबर. हा बघा.” पडद्यावर निमंत्रणपत्रिका होती. पुढची बाजू. सोनेरी नक्षी, साहेबांचं नाव, ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’. नियमाप्रमाणे एकच बाजू स्कॅन झाली होती. “यात थांबवा असं कुठे आहे? उलट या म्हटलंय.”

बाईंनी टेबलावरच्या ट्रेमधून पत्रिका ओढून घेतली आणि त्या धावत बाहेर गेल्या. सत्तावन्न वर्षांच्या बाईला कुणी धावताना पाहिलं नव्हतं. ट्रकवाला दाढीवाला, पन्नाशीचा, विडी शिलगावत होता. बाईंनी त्याच्या हातात पत्रिका दिली. दम लागला होता, तोंडातून शब्द फुटेना.

ट्रकवाल्याने पत्रिका वाचली. सोनेरी नक्षीवरून बोट फिरवलं. मग, कुणी काही न सांगता, उलटली.

मागचं ओठ हलवत दोनदा वाचलं. “सही कुणाची ही?”

“साहेबांची.”

“मग मी कशाला नेऊ? उद्या माझी मान अडकायची.” त्याने हाक मारली, “ए, उतरवा रे सगळं.”

तीस वर्षांत न सांगता पान उलटणारा हा पहिलाच माणूस. बाईंना त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

हात दाखवून अवलक्षण झालं होतं; आता स्वतःचंच अक्षर साहेब नाकारणार कसे? दुपारी मशीनवाले परत आले, नवा करार घेऊन, मोठ्या आनंदाने. ‘अभिलेखांच्या उर्वरित पृष्ठभागाचे सशक्तीकरण, टप्पा दोन’ असं त्याला नाव मिळालं. बाईंनी पहिलं रजिस्टर त्यांना स्वतः काढून दिलं. क्रमाने ते पहिलं नव्हतं, अजिबात नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ओळखीचा फायदा घेतला आणि त्याची त्यांना काडीचीही लाज वाटली नाही.

मंगळवारी लेकीचा नवा दाखला आला. म्हणजे दोन कागद आले. पहिल्यावर पूर्वीसारखंच ‘माहीत नाही’, कारण पुढची बाजू लॉकच होती आणि अध्यक्ष एकच असतात. पण खाली बारीक अक्षरांत नवी ओळ होती: ‘दुरुस्तीसाठी मागील बाजू पाहावी.’ दुसऱ्या कागदावर तात्यांच्या वळणदार अक्षरातली नोंद, जशीच्या तशी, ओळ सात, दोघांची नावं, शिक्का. एकाच कागदाच्या दोन्ही बाजूंना छापायची सोय नव्हती. प्रिंटरला तशी परवानगी नाही, असं मशीनवाला म्हणाला.

“मागील बाजू पाहावी, आणि मागे कोरं!” बाई कपाळाला हात लावून बसल्या. “आता तिथला कारकून काय बघणार?”

लेकीने दोन्ही कागद घेतले. होयसाहेबांच्या टेबलावरची डिंकाची बाटली उचलली. पहिल्याच्या पाठीला कडेकडेने डिंक लावला, दुसरा त्यावर पाठीला पाठ लावून चिकटवला आणि दहा मिनिटं जन्माच्या जाडजूड रजिस्टराखाली दाबून ठेवला. एवढ्या मोठ्या डिजिटल क्रांतीत रजिस्टर शेवटी वजनाला उपयोगी पडलं.

बुधवारी इस्पितळाच्या कचेरीत बाई लेकीबरोबर गेल्या, पण मागे, बाकावर बसल्या. लेकीने कागदपत्रं खिडकीत सारली. कारकुनाने एकेक पाहिलं, शाळेचा दाखला, नर्सिंगचं प्रमाणपत्र, सगळीकडे आईचं नाव एकच. मग जन्माचा दाखला. त्याच्या कपाळावर आठी आली. त्याने काचेआडून लेकीकडे बघितलं.

“इथे तर आईचं नाव माहीत नाही असं लिहिलंय.”

बाई बाकावरून अर्ध्या उठल्या. लेकीने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती कारकुनाकडे बघत, शांतपणे, हुबेहूब आईच्या आवाजात म्हणाली,

“मागे पाहा.”

कारकुनाने कागद उलटला. वाचलं. एकदा बाकाकडे बघितलं. मग शिक्का उचलला आणि तो मागच्याच बाजूवर मारला.